नवसाचं नाव, सिसिलिया

माझ्या आधी मायची दोन बाळं गेली होती. पहिला मुलगा घरीच, जन्मतानाच गेला. दुसरी मुलगी धुळ्याच्या एका छोट्या मिशन दवाखान्यात जन्मली आणि संध्याकाळपर्यंत राहिली. माझ्या वेळी मायनं हट्ट धरला की त्याच दवाखान्यात जायचं. बायका म्हणायच्या, जिथं एक गेलं तिथंच परत कशाला? माय उत्तर द्यायची नाही. नाना, म्हणजे माझे वडील, पारोळ्याजवळच्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी आठवा लागताच तिला एसटीत बसवून धुळ्याला नेलं.

मी जन्मले ती निळीजांभळी, आणि रडले नाही. डॉक्टर बाहेरगावी होते. केरळहून आलेली एक तरुण सिस्टर एकटीच होती. तिनं मला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडानं श्वास दिला. माय खाटेवरून बघत होती. ती म्हणाली, "सिस्टर, तुमचं नाव काय?" सिस्टरनं सांगितलं असेल ते मायला नीट ऐकूही आलं नसेल, पण ती म्हणाली, "ही जगली तर हिला तुमचंच नाव."

मग मी रडले. अशी मी सिसिलिया झाले.

आमच्या गावात ज्या घरची मुलं जगत नाहीत त्या घरात दगडू, धोंडू, केरू अशी नावं ठेवत, म्हणजे काळाला वाटावं हा तर उकिरड्यावरचा दगड, हा नेऊन काय करायचा. त्यामुळे माझ्या नावाचं फार कुणी वावडं मानलं नाही. शेजारचे एक म्हातारे आबा म्हणाले होते, "बरं व्हयनं. सटवाईले वाचताच येवाव नई." पाचवीच्या दिवशी सटवाई येऊन नशीब लिहिते, तिला माझं नाव वाचता येणार नाही, मग ती वाईट कुणाच्या नावावर लिहिणार? गावानं त्या नावाचं शिसली केलं, शाळेतल्या मुलांनी औषधाची शिशी केली. मला त्याचं काही वाटत नव्हतं. नाव म्हणजे हाक मारायची सोय, एवढंच मला माहीत होतं.

मी पाचवीत असताना नानांची बदली जळगावला झाली. पिंप्राळ्यात दोन खोल्यांचं घर मिळालं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. कॉलनीत निम्मे प्लॉट रिकामे, त्यात काटेरी बाभळी, आणि घरापुढून केळीचे घड भरलेल्या गाड्या जायच्या. शेजारी एक निवृत्त सर राहायचे. त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं होतं आणि आता शिकवायला कुणी उरलं नव्हतं. मी सातवीत गेले तेव्हा नानांनी मला त्यांच्याकडे पाठवायला सुरुवात केली.

पहिल्याच आठवड्यात सरांनी माझ्या वहीवरचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "अगं, तुला माहीत आहे का हे नाव कुठलं?" त्यांनी कपाटातून एक जाडजूड शब्दकोश काढला. त्याच्या शेवटी नावांची यादी होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पान डोळ्यांजवळ नेलं. नाव लॅटिन भाषेतलं आहे, म्हणाले. रोममध्ये एक मोठं घराणं होतं, त्याचं हे आडनाव. त्या घरातल्या मुलींना त्याचं स्त्रीलिंगी रूप लावायचे. पुढे त्या नावाची एक मुलगी आपल्या श्रद्धेपायी मारली गेली, ख्रिस्ती लोक तिला संत मानतात, गाणंबजावणं करणारे तिची आठवण काढतात.

"आणि अर्थ?" मी विचारलं. वर्गात कुणाच्या नावाचा अर्थ कमळ होता, कुणाचा चांदणं. मलाही एक हवा होता.

सरांनी बोट खाली सरकवलं. "काएकस या शब्दापासून. काएकस म्हणजे आंधळा." आणि हसून म्हणाले, "त्या घराण्याचा कुणी मूळपुरुष आंधळा असेल. आपल्याकडे नाही का, बहिरे, तोतरे अशी आडनावं पडतात?"

सर पुढेही बोलत राहिले. मी फक्त तो एकच शब्द घेऊन घरी आले. आंधळी. माझं नाव आंधळी. मायनं नवसानं मागून घेतलेलं.

घरी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय? दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडायची भीती वाटली. उघडले, पत्रा दिसला, पत्र्याला टांगलेली लसणाची जुडी दिसली. सुटले असं वाटलं. मग तो रोजचा नेम झाला. आधी डावा डोळा झाकायचा, उजव्यानं जुडी बघायची. मग उजवा झाकायचा. नंतर दारात येऊन समोरच्या दुकानाची पाटी वाचायची. पाटीवर काय लिहिलंय ते मला पाठ होतं, त्यामुळे ती परीक्षाच नव्हती, हे कळायला मला काही महिने लागले.

ज्या दिवशी कळलं तो दिवस अजून आठवतो. शाळेत बाईंनी फळ्यावर गणित लिहिलं आणि मला उठवून वाचायला सांगितलं. फळ्यावर पांढऱ्या मुंग्यांची रांग होती. मी डोळे बारीक केले. मुंग्या जरा जवळ आल्या, पुन्हा पसरल्या. शेजारची मुलगी पुटपुटली ते मी मोठ्यानं म्हटलं आणि बसले. बाईंना काही कळलं नाही. मला वाटलं, सुरू झालं.

तिथून पुढचं वर्षभर मी लपवलं. आज याचं नवल वाटतं, पण तेव्हा माझा हिशोब सरळ होता. मी सांगितलं की ते खरं होईल. जोवर कुणाला माहीत नाही तोवर नावालाही माहीत नाही. मी पहिल्या बाकावर बसायला मागितलं, कारण दिलं की मागे मुली बोलतात. फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवलं. रस्त्यात कुणी हात केला तर मीही हात करायची, ओळखीचं असो नसो. गणितात नापास झाले. नाना रागावले नाहीत, नुसते बघत राहिले, आणि त्यांच्या न रागावण्यानं मला जास्त रडू आलं.

त्याच वर्षी एका सकाळी नाना मला लुनावर मागे बसवून शाळेत सोडायला निघाले. पिंप्राळ्याच्या रेल्वे फाटकाच्या अलीकडे डावीकडून एक बैलगाडी रस्त्यावर आली. मला, मला सुद्धा, दोन पांढरे बैल दिसले. नानांना दिसले नाहीत. ते सरळ चालवत राहिले. मी ओरडले, "नाना!" त्यांनी ब्रेक दाबला, लुना घसरली, आम्ही दोघं धुळीत पडलो. बैलाचं शिंग नानांच्या खांद्यापासून वीतभर होतं. गाडीवान शिव्या देत होता. नाना कपडे झटकत म्हणाले, "एकदम मधे आली गाडी." गाडी एकदम आली नव्हती. ती रमतगमत आली होती. पण मी स्वतःच्याच डोळ्यांच्या भीतीत इतकी बुडालेली होते की दुसऱ्या कुणाचे डोळे माझ्या मनातच आले नाहीत. उलट वाटलं, माझ्या नावाची बाधा आता माझ्याबरोबर बसणाऱ्यालाही होते आहे.

दिवाळीनंतर फुई आमच्याकडे राहायला आली. फुई म्हणजे नानांची मोठी बहीण, पाचोऱ्याची. तिचे यजमान वारले होते आणि तिला दिसत नव्हतं. पाच-सहा वर्षांपूर्वी काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले होते. डोळे उघडे, सुंदर, पिंगट, पण ते तुमच्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत असत. तिला हाताला धरून मोरीपर्यंत, अंगणापर्यंत नेण्याचं काम माझ्याकडे आलं.

मला तिची भीती वाटायची. ती खूप प्रेमळ होती, भाकरीवरून बोटं फिरवून ती भाजली की नाही सांगायची, पण ती ताट चाचपायला लागली की मी मान फिरवायची. मला दिसायचं ते माझंच पुढचं आयुष्य. मी असं चाचपेन. मलाही कुणीतरी नाइलाजानं मोरीकडे नेईल. तिचा हात धरताना माझ्या तळव्याला घाम सुटायचा.

एका दुपारी मी तिला अंगणात नेत होते. उंबऱ्याबाहेर मायनं पाट ठेवला होता, त्याला मीच अडखळले. फुई थांबली. ती शहरात येऊनही अहिराणीच बोलायची. तिनं माझा हात घट्ट धरला.

"हात काब्रं कापी रायना तुना?"

"काही नाही, फुई."

"तुले दिसत नई ना, पोरी?"

ती तिथंच उंबऱ्यावर बसली आणि मला ओढून शेजारी बसवलं. "मना डोया जाई रायनात तवय मी बी आशीच दपाडी ठेवं. कोनलेच सांगं नई. सांग मले."

मी सगळं सांगितलं. फळा, पाटी, शब्दकोश, नाव. नावाचं सांगताना मला हुंदका आला. फुईनं सगळं ऐकून घेतलं. मग ती जरा हसली, पण मला हसत नव्हती. तिच्या स्वतःच्या नावाचा अर्थ उजेड असा होता. ती म्हणाली, "मना नावमा तं उजायं शे. मंग मना डोया काब्रं गयात? नाव काय डोया खास का, वो?"

नाव कुठं डोळे खातं, हे मलाही कळत होतं. तरी भीती गेली नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला असं उत्तर पटतं आणि तरी पुरत नाही.

फुईनं त्याच संध्याकाळी नानांना सांगितलं. लपवल्याबद्दल ते रागावतील असं मला वाटत होतं, पण त्यांचा चेहरा पांढरा पडला. "उद्याच जाऊ," म्हणाले.

जळगावातले डोळ्यांचे डॉक्टर उतारवयाचे, मोजकं बोलणारे होते. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, नाकावर लोखंडी चौकट चढवली आणि तीत एकेक काच घालायला लागले. मी खुर्चीचे हात आवळून धरले होते. तिसऱ्या का चौथ्या काचेला भिंतीवरची अक्षरं एकदम जागच्या जागी येऊन उभी राहिली. मी सगळ्यात खालची ओळ वाचली.

"लांबचं कमी दिसतं, बाकी काही नाही," डॉक्टर म्हणाले. "चष्मा लागेल. वर्गात चार जणांना असतो."

मी ती चौकट तशीच नाकावर घेऊन नानांकडे वळले. वर्षभरानं त्यांचा चेहरा मला दुरून नीट दिसला. मला वाटलं होतं ते हसत असतील. ते हसत नव्हते. ते भ्यालेले होते.

डॉक्टर कागदावर लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरात कुणाला डोळ्यांचा आजार?"

नाना भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायला लागले. मीच म्हणाले, "फुईला काचबिंदू आहे. नानांची बहीण."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग मास्तर, तुम्ही बसा खुर्चीत."

"माझं काही नाही, डॉक्टर. हिचंच बघा."

"बसा."

डॉक्टरांनी त्यांना एक डोळा झाकायला लावला. "माझ्या नाकाकडे बघा." मग आपला हात नानांच्या डाव्या बाजूला लांब धरला. "बोट हललं की सांगायचं." नाना लगेच म्हणाले, "हललं." मी बाजूलाच उभी होते. बोट हललं नव्हतं. डॉक्टरांनी मग ते हलवलं, नाना गप्प. पुन्हा नुसताच हात धरला, नाना म्हणाले, "आता हललं."

मी वर्षभर वर्गात जे केलं तेच नाना माझ्यादेखत करत होते. दोघं एकाच घरात, एकाच ताटाला बसून, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. मला फाटकाजवळचे ते दोन पांढरे बैल आठवले.

डॉक्टरांनी त्यांना आतल्या टेबलावर निजवलं, डोळ्यांत बधिर करायचं औषध टाकलं आणि एक छोटं धातूचं उपकरण बुबुळावर अलगद ठेवून दाब मोजला. डावा, मग उजवा. बाहेर येऊन ते म्हणाले, "काचबिंदूच आहे. डाव्या डोळ्याची बाजूची नजर बरीच गेली. गेलेली परत यायची नाही. उरलेली राखता येईल, पण थेंब एकही दिवस चुकवायचे नाहीत. आणि गाडी बंद."

परत येताना नाना लुना हातानं ढकलत चालत होते. मी बाजूनं. चालता चालता ते म्हणाले, "वर्ष झालं. दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची. वाटलं, सांगितलं तर नोकरी जाईल. आक्कासारखं होईल." आक्का म्हणजे फुई. रस्ता ओलांडताना त्यांनी माझा हात धरला. लहानपणी धरायचे तसा तो हात नव्हता. मी त्यांना नेत होते.

चष्मा आला, मुंग्या गेल्या, गणित सुधारलं. भीतीनं मात्र जागा बदलली. माझ्या मनानं घेतलं की नावानं मला सोडलं आणि नानांना धरलं. कारण त्या नावाची हाक येते ती कुणाच्या तोंडून? नानांच्याच. दिवसातून वीस वेळा ते मला त्या नावानं बोलवत होते. सकाळ-संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकायचं काम मी मागून घेतलं. थेंब पडला की ते डोळा गच्च मिटायचे, कपाळ दुखतं म्हणायचे, आणि ते डोळा पुन्हा उघडेपर्यंत मी श्वास धरून उभी राहायची.

दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा मी घरात सांगून टाकलं. "माझं नाव बदला. एकदा बोर्डाच्या कागदावर चढलं की जन्माचं चिकटेल."

मायला तोवर अर्थाचं काहीच माहीत नव्हतं. मी सांगितला. ती पोळपाट तसाच ठेवून उठली. मला वाटलं ती घाबरेल आणि म्हणेल, बदल बाई, आजच बदल. ती घाबरली, पण उलटीच.

"नवस आहे तो," ती म्हणाली. "त्या नावावर तू राहिलीस. नाव काढून घेतलं आणि तुला काही झालं म्हणजे? दोन गेलीत माझी."

एकाच नावानं मला वाटत होतं आंधळेपण येणार आणि मायला वाटत होतं ते नाव गेलं तर मरण येणार. नाना मधे बसलेले. त्यांनी सरांना विचारलं, काही मधलं निघतं का. सर म्हणाले, "शीला ठेवा. हेच नाव आयर्लंडात गेलं आणि तिथं झिजून झिजून शीला झालं. आपल्याकडचं शीला वेगळं, पण कानाला एकच. नाव तेच, लुगडं दुसरं."

मी म्हणाले, आत तोच अर्थ असेल तर मला नको. माय म्हणाली, सिस्टरला शब्द दिला तो या नावाचा नाही, मला नको. त्या वादात आठ दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. शेवटी नानाच म्हणाले, "जिचं नाव त्या सिस्टरलाच विचारू." शाळेला जन्माचा दाखला लागणारच होता. नाव बदलायचं असो नसो, धुळ्याला जायचंच होतं.

एका रविवारी आम्ही तिघं एसटीनं निघालो. पारोळ्याचा किल्ला मागे पडला तशी माय पदरात तोंड झाकून बसली. मला भीती होती की सिस्टर तिथं नसेलच. नसली तर विचारायचं कुणाला?

ती होती. आता चाळिशीची, केसांत पांढरी बट, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. आम्ही कोण ते नानांनी सांगितलं. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि "बस" एवढंच म्हणाली. मी न थांबता सगळं बोलून टाकलं, अर्थ, नानांचे डोळे, फॉर्म. बोलून झाल्यावर लाज वाटली, कारण ते नाव तिचंही होतं.

"अर्थ मला माहीत नव्हता," ती म्हणाली. "आमच्या गावात त्या नावाच्या सात-आठ जणी होत्या. माझ्या आजीचं होतं म्हणून माझं. आजी नव्वदीपर्यंत सुईत दोरा ओवायची." मग ती मायकडे वळली. "तुम्ही नवस म्हणता. मी काहीच मागितलं नव्हतं. बदला. माझ्याकडून मोकळं आहे."

सिस्टर हातातला रुमाल दुमडत उलगडत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मला तुम्हाला एक सांगायचं होतं. इतकी वर्षं धीर झाला नाही. हिच्या आधीची तुमची मुलगी इथंच गेली. तेव्हाही माझीच पाळी होती. मी नवीन होते, नुकती शिकून आलेली. माझ्या हातात गेली ती. तुम्ही पुन्हा आलात तेव्हा मला ओळखलं नाहीत, आणि हिला माझं नाव देऊन गेलात. मला फार भीती वाटायची, कधी कळलं तर तुम्ही काय म्हणाल."

खोलीत वरचा पंखा खडखडत होता. मी मायकडे बघू शकत नव्हते. मला वाटलं आता ती उठेल, आता ओरडेल.

"ओळखलं होतं," माय म्हणाली.

सिस्टरनं मान वर केली.

"ती गेली त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, न्या. आया म्हणाली, लवकर आवरा. तू एकटी भिंतीकडे तोंड करून रडत होतीस. माझ्या पोरीसाठी परक्या माणसात फक्त तू रडलीस. म्हणून तर मी परत इथंच आले. लोक नको नको म्हणत असताना आले. म्हटलं, हिच्याच हातात बाळंत होईन. हेही बाळ गेलं तरी रडणारं कुणी असेल."

सिस्टर उठून मायजवळ आली आणि तिच्या पायाशी जमिनीवरच बसली. दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या. नाना उठून बाहेर गेले. मी कुठे बघावं ते न कळून खिडकीबाहेर बघत राहिले. चष्म्यातून सगळं लख्ख दिसत होतं, आणि तरी काही दिसत नव्हतं, कारण काचा ओल्या झाल्या होत्या.

पंधरा वर्षं मायनं हे कुणालाही, नानांनाही, सांगितलं नव्हतं. नवस म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत, म्हणून ती नवस म्हणत होती.

परतीच्या एसटीत मी मायला म्हटलं, "राहू दे नाव." तिनं मान हलवली. फॉर्मवर मी स्वतःच्या हातानं ते लिहिलं. भीती होतीच. नव्वदच्या दशकात माझ्यासाठी स्थळं बघायला लागले तेव्हा दोन घरांनी नावावरूनच नकार दिला. तुम्ही बाटलेले का, असं एकानं सरळ विचारलं. नाना म्हणाले, "नाही. आम्ही उपकार मानणारे आहोत." ज्या तिसऱ्या घरी मी गेले त्यांनी लग्नात नाव बदलायचं ताट समोर आणलं. तांदळात अंगठीनं लिहायला नवरा वाकला, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि तेच जुनं नाव लिहिलं. स्पेलिंग चुकवलं, पण तेच लिहिलं.

नानांचा डावा डोळा पुढे पूर्ण गेला. उजवा राहिला. ते वेळेपर्यंत शाळेत शिकवून निवृत्त झाले. थेंब एकही दिवस चुकले नाहीत, माझ्या लग्नानंतर माय टाकायला शिकली. फुई आमच्याच घरी गेली, झोपेत. सिस्टर निवृत्त होऊन आपल्या गावी परतली, आणि नाताळात तिचं पत्र यायचं. मायला वाचता येत नसे. ती ते मला वाचायला लावायची आणि "प्रिय" या शब्दाशी थांबवून पुन्हा म्हणायला लावायची.

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की मीही दर वर्षी दाब मोजून घ्यायचा. हा आजार घराण्यात उतरतो, नावातून नव्हे, रक्तातून. हे कळल्यावर भीती कमी व्हायला हवी होती. ती झाली नाही, उलट तिला खरं कारण मिळालं. माझी मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा मी तिलाही घेऊन गेले. म्हातारे डॉक्टर आता नव्हते, त्यांची सून होती. तिनं आधी माझे डोळे बघितले. हनुवटी टेकवून बसल्यावर यंत्रातला निळा उजेड जवळ जवळ आला. बाहेरच्या बाकावर माय आणि माझी मुलगी बसल्या होत्या. मुलगी आजीला भिंतीवरच्या तक्त्यातली चित्रं एकेक करून सांगत होती, छत्री, घर, मासा, आणि सगळ्यात खालच्या ओळीला येऊन थांबली. माझे कान तिकडे लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हलू नका." मी हलले नाही. बाहेर मुलगी म्हणाली, "होडी." मग आकडा सांगायला डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं.

दाब ठीक होता. मी उठले, आणि मुलीला आत बोलावलं.